दगडाखालचं कंदीलपुष्प

किल्ल्याचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. बागलाणात, सेलबारी-डोलबारीच्या रांगेत कुठेतरी, एवढ्यावर भागवा. तुमच्यावर अविश्वास आहे असं समजू नका. तुम्ही हे वाचाल, अंक बाजूला ठेवाल आणि चहा टाकायला उठाल, हे मला ठाऊक आहे. पण तोच अंक शेजारचा कुणीतरी चाळायला नेईल, त्याच्या मेहुण्याची रोपवाटिका असेल, आणि दुर्मिळ कंद कुंडीत लावून मिरवण्याची हौस हल्ली फार बोकाळली आहे. मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. झाडांना कीड लागते, रोग पडतो, गुरं खातात. पण ज्या माणसाला त्यांचा पत्ता माहीत आहे त्याच्याइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही.

गोष्ट सुरू झाली गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत. कॉलेजची सहल त्या किल्ल्यावर नेली होती. पोरं माथ्यावर फोटो काढण्यात गुंग असताना मी एकटीच खालच्या कड्याशी गेले. तिथे कातळात हातभर रुंदीची एक पट्टी आहे, तिच्यावर थोडी माती आणि गवत. त्या गवतात मला वाळायला आलेली काही बारकी झाडं दिसली. सुईसारखी पानं, आणि टोकाला जोडीनं लागलेल्या लांब, बारीक शेंगा. कंदीलपुष्पाच्या कुळातलं झाड आहे हे लगेच कळलं. पण आपल्याकडची जी कंदीलपुष्पं मला माहीत आहेत, त्यांतलं ते एकही नव्हतं.

हे डोंगर एकमेकांपासून तुटलेले आहेत. मधे खोल दऱ्या, शेतं, रस्ते. एका माथ्यावरचं झाड दुसऱ्या माथ्यावर सहज पोचत नाही. एकाच आडनावाची घरं लांबलांबच्या गावांत जाऊन पडली की पिढ्या उलटताना त्यांची बोली आणि आमटीची चव बदलत जाते, तसंच झाडांचंही होतं. म्हणून एखाद्याच किल्ल्याच्या एखाद्याच कड्यावर, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली जात सापडू शकते. मात्र तिला नवी जात म्हणून नाव द्यायचं तर फूल बघावं लागतं. ते उघडून, आतला प्रत्येक भाग मोजून लिहावा लागतो. माझ्याकडे होती फक्त वाळकी पानं, शेंग आणि एक कंद. तो कंद मी खुरप्यानं उकरून, वर्तमानपत्रात गुंडाळून भाजीच्या पिशवीत घातला. खाली गावात एका बाईनं काय नेता म्हणून विचारलं, तेव्हा "औषधी पाला" असं सांगून मोकळी झाले.

तो कंद नाशिकला कुंडीत कुजून गेला. पुढे एका चर्चासत्रात मी त्या शेंगेचं चित्र पडद्यावर दाखवलं, आणि तीच माझी चूक. दुसऱ्या विद्यापीठातले एक गृहस्थ चहाच्या वेळी माझ्यापाशी आले, फार गोड हसले आणि म्हणाले, "कुठल्या बाजूला मिळालं हो?" मी ताकास तूर लागू दिली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली. फूल आधी ज्याच्या हाती लागेल, नाव त्याचं.

नामपूरचा वळसा

म्हणून यंदा सप्टेंबरात, फुलांच्या दिवसांत, मी कॉलेजात "दाताचं काम आहे" असं सांगून रजा टाकली. बरोबर घेतलं ते फक्त यजमानांना. आमचे श्रीकांतराव सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले. सुटे भाग तपासून पास-नापास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण माणसं तपासून बघावीत असं त्यांना कधी सुचलं नाही. रिक्षावाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांना ते घरचं सगळं सांगतात. त्यांना घरी ठेवणं धोक्याचं होतं आणि बरोबर नेणंही. बरोबर नेलं तर निदान डोळ्यासमोर राहतील, असा मी हिशेब केला.

सटाण्याहून सरळ ताहाराबादचा रस्ता धरायचा सोडून मी गाडी नामपूरकडे घ्यायला लावली.

"अगं, हा उलटा रस्ता आहे," श्रीकांत म्हणाले.

"माहीत आहे. मागची पांढरी गाडी देवळ्यापासून आपल्या मागे आहे."

"हायवे आहे सुनंदा. गाड्या मागेच असतात."

मी त्यांना कडेला थांबायला लावलं. पांढरी गाडीही थोडी पुढे जाऊन थांबली. गाडीतून एक जाडजूड गृहस्थ उतरले, बाभळीच्या आडोशाला गेले, आमच्याकडे पाठ केली आणि मोकळे होऊन परत गाडीत बसले. श्रीकांत स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होते. मी हसले नाही. लघवी लागलेला माणूस हेर नसतोच असं कुठे आहे?

नामपूरला मार्केटचा दिवस असावा. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती आणि सगळ्या गावाला उन्हाळ कांद्याचा तो उग्र, सुकलेला वास येत होता. एका हॉटेलात शेवभाजी खाल्ली. आम्ही नाशिककर मिसळीच्या तर्रीला तिखट म्हणतो. इथल्या शेवभाजीनं माझा तो सगळा अभिमान पुसून टाकला. घाम पुसताना शेजारच्या टेबलावरच्या टोपीवाल्यानं सहज विचारलं, "कोठे चालनात मॅडम?"

श्रीकांतांनी तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "देवीला. नवस आहे."

ते असं सुचलं. त्या किल्ल्यावर देवीचं ठाणं आहे, शेंदूर लावलेली एक शिळा. देवीला जाणाऱ्या बाईला कुणी जास्त प्रश्न विचारत नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावरही संशय घेतला असता.

पायथ्याचं घर

पायथ्याच्या गावात हिराबाई आणि तिचा नवरा काशिनाथ यांचं घर आहे. किल्ल्यावर येणारी ट्रेकवाली मंडळी तिथे उतरतात, जेवतात. शेणानं सारवलेली ओसरी, पुढे भाताचं खाचर, आणि मागे ढगात अर्धा बुडालेला किल्ला. हिराबाई पन्नाशीची, उभट चेहऱ्याची, कमी बोलणारी. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, कोरा चहा दिला आणि समोर बसून राहिली. काही विचारलं नाही.

आमच्याकडे पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच "काय, कसं येणं केलं?" हा प्रश्न त्याच्या अंगावर येतो. इथे तसं नाही. माणूस जेवेपर्यंत त्याला कामाचं विचारायचं नाही, ही त्या गावची रीत आहे, असं मला नंतर कळलं. तेव्हा मात्र ती गप्प बसलेली पाहून माझं डोकं भणाणलं. ही का विचारत नाही? हिला आधीच ठाऊक आहे का? कुणी सांगितलं? न राहवून मीच म्हणाले, "देवीला नवस आहे आमचा. म्हणून आलो."

"बरं," हिराबाई म्हणाली आणि माझ्या पिशवीकडे पाहिलं.

संध्याकाळी नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा होता. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. श्रीकांतांनी तारीफ करून करून हिराबाईला हसायला लावलं. जेवण झालं आणि मग तिनं विचारलं.

"नारळ आणेल शे ना?"

"नारळ? वर घेऊ की."

"वर कोठे दुकान शे बाई? वर देवी शे अन माकडं शेत."

मी काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात अंगणातून काशिनाथचा आवाज आला. तो आमच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता. "हां, हां. उनात. त्याच शेत, मागच्या सालच्या. सकाळीच जातीन वर. मी जास संगे."

आल्यात, मागच्या वर्षीच्याच आहेत, सकाळी वर जातील, मी बरोबर जातो, एवढं मला त्या बोलीतूनही कळलं. कुणाला कळवत होता हा? मला चर्चासत्रातला तो गोड हसणारा चेहरा आठवला. म्हणजे गृहस्थांनी इथवर माणूस पेरून ठेवला होता तर. मी श्रीकांतांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "भाकरी चांगली होती नाही?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

कड्यापाशी

सकाळी निघताना बघते तर काशिनाथ पहार खांद्यावर टाकून तयार. हिराबाईच्या हातात विळा आणि काखेत कापडी पिशवी.

"तुम्ही कशाला त्रास घेता? वाट माहीत आहे आम्हाला," मी म्हणाले.

"वाट घसरडी शे," काशिनाथ म्हणाला.

"आणि पहार?"

"पहारीचं कामच शे डोंगरात," तो म्हणाला आणि चालायला लागला.

सोनकीनं सगळा उतार पिवळा झाला होता. तेरड्याचे गुलाबी पट्टे ओढ्याकडेनं उतरत होते. एरवी मी दर दहा पावलांवर थांबले असते, भिंग काढलं असतं. त्या दिवशी मी काहीच बघितलं नाही असं मुद्दाम दाखवत होते, म्हणजे मला झाडांत रस आहे हे कळू नये. श्रीकांत एका वळणावर घसरून चिखलात बसले तेव्हा त्यांच्या हाताखाली आमरीचं एक सुंदर फूल चिरडलं गेलं, तरी मी तोंडातून ब्र काढला नाही. पुढे काशिनाथची पहार खडकावर टण्‌ टण्‌ वाजत होती, मागून हिराबाईची नजर माझ्या पाठीत टोचत होती. मधे आम्ही दोघं. पकडून नेल्यासारखे.

देवीच्या ठाण्यापाशी पोचलो. धुकं इतकं होतं की शेंदराची शिळाच तेवढी दिसत होती. हिराबाईनं कापडी पिशवीत हात घातला आणि एक नारळ काढून माझ्या हातावर ठेवला.

"घरचा शे. फोडा. नवसाचं तसंच नसतं सोडत."

मी तो फोडला. पाणी हातावरून ओघळलं. देवधर्माचं माझं फारसं काही नाही, पण दुसऱ्याच्या घरच्या नारळावर आपलं खोटं फोडताना मला खरोखर लाज वाटली. तरीही लाजेपेक्षा घाई मोठी होती. मी म्हणाले, "आम्ही जरा कड्याकडे जाऊन येतो. तुम्ही बसा."

दोघंही उठले.

आणि कड्यापाशी आले तर ती पट्टी नव्हतीच. जिथे गवत होतं, जिथे माझी झाडं होती, तिथे दगडांचा ढीग. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट रचून, फटींत चपटे दगड ठोकून बसवलेले. मी गुडघ्यांवर बसले. मला रडू आलं, आणि रडण्याच्या आधी राग आला. त्या गृहस्थांनीच हे केलं, एवढंच डोक्यात होतं. स्वतः फूल घेतलं आणि दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून वर दगड घातले.

"कुणी टाकले हे दगड?" मी काशिनाथवर ओरडले.

"आम्हीच. आख्ख्या गावानं."

"कुणाच्या सांगण्यावरून? काल फोन कुणाचा होता?"

"पोलीस पाटलाचा. दुसऱ्या कोनाचा राहील?" काशिनाथनं पहार जमिनीवर टेकवली. "आता तुमी सांगा मॅडम. काय शे खाली?"

"काय असणार?"

"ते आमाले काय ठाऊक? तुमाले ठाऊक शे."

मग सगळं बाहेर आलं. मागे एकदा बाहेरची काही माणसं या किल्ल्यावर येऊन राहिली होती. तीही नवसाचंच सांगायची. त्यांनी देवीच्या ठाण्यामागे गुप्तधनासाठी खोल खड्डा खणला, लिंबं-बाहुल्या ठेवल्या आणि पळून गेली. पोलिसांनी धरलं ते गावाला.

"खड्डा त्यास्नी खंदा अन ठाण्यात बसनूत आम्ही," काशिनाथ म्हणाला. "जो उठे तो विचारे, धन कोठे शे. भात कापणीचे दिवस, शेत तसंच उभं. अन मागच्या साली हिनं वरून तुमाले पाहिलं. बाई कड्यात बसेल शे, खंदी राहिली, कायतरी कागदात गुंडाळी पिशवीत घाली राहिली. खाली येऊन म्हणते, पाला शे."

"अन यंदा नवस म्हणते, तर नारळ नही," हिराबाई म्हणाली.

"म्हणून मागच्याच साली गावानं ठरवलं, ती जागाच बुजवू. तरी तुमी परत उनात. पाटील म्हणे, संगे जा. काढायचं असंल तर सगळ्यांसमोर काढू. म्हणून पहार आणेल शे."

"अहो, फुलासाठी आलोय आम्ही!" श्रीकांत कळवळून म्हणाले. "बारकं फूल असतं, कंदिलासारखं. हिला त्याला नाव द्यायचंय. नवस-बिवस काही नाही!"

नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले. मग काशिनाथ हसला. हसण्यात मौज नव्हती. "फुलासाठी नाशिकहून पेट्रोल जाळीसन कोन येस?"

मी गुप्तधनाची चोर आहे यावर त्यांचा विश्वास बसत होता, फुलासाठी आले यावर बसत नव्हता. मी फोन काढून गेल्या वर्षीचे फोटो दाखवले. हिराबाईनं ते मोठे करून पाहिले. "हा तर वाळेल पाला शे," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मंग देवीचं नाव कशाला घेतलं?"

"जागा कुणाला कळू नये म्हणून."

"आमाले कळू नये?" तिनं कड्याकडे हात केला. "जागा आमची शे बाई. आमाले काय कळायचं राहिलं? फुलाचं सांगितलं असतं तर एक दगड नही पडता अठे."

मी माफी मागितली. नारळाबद्दल वेगळी मागितली. तिनं मान हलवली, पण चेहरा सैल झाला नाही.

काशिनाथ पहार घेऊन पुढे झाला तशी मी त्याचा हात धरला. पहार नको, हातानं काढू. त्याचा संशय अजून गेला नव्हताच. तो प्रत्येक दगडाखाली वाकून बघत होता, काही चमकतं का म्हणून. मीही वाकून बघत होते. चौघंजण एका ओळीत बसून दगड मागे सरकवत होतो, आणि दोघांना सोनं निघण्याची भीती, दोघांना काहीच न निघण्याची.

मधल्या भागात सगळं पिवळं पडलं होतं. उजेडासाठी धडपडून, आडवी वाढून मऊ झालेली देठं. हात लावला की तुटत होती. खालचे कंद जिवंत असतील कदाचित, पण यंदा त्यांतून काही निघणार नव्हतं. मी मोजायचं सोडून दिलं. पट्टीच्या अगदी टोकाला, दोन दगडांच्या फटीतून एक देठ वाकडंतिकडं होऊन बाहेर आलं होतं. त्याला एक कळी होती. आणि एक फूल.

खाली फुगीर, वर बारीक नळी, फिकट हिरवी. नळीच्या तोंडाशी जांभळे ठिपके, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून केलेला इवलासा पिंजरा. मी आजवर कंदीलपुष्पं पुष्कळ पाहिली, पण असं ठिपक्यांचं, असं टोकाशी पिळलेलं एकही नाही. श्रीकांतांनी माझ्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवला.

"हेच का?" हिराबाई म्हणाली. मी भिंग तिच्या हातात दिलं. तिनं डोळा लावला आणि दचकली. "आत माशी शे! जिती शे!"

"अडकली आहे. नळीत आतल्या बाजूला केस असतात, खाली वळलेले. माशी वासानं आत शिरते, पण बाहेर येता येत नाही. फूल तिला कोंडून ठेवतं. मग केस वाळतात आणि ती सुटते. सुटताना पराग घेऊन जाते. असंच बी धरतं."

"म्हणजे पोलीस ठाणंच ना," काशिनाथ म्हणाला. "काही केलेलं नसतं, तरी बसा. अन मंग जा म्हणतात."

त्या दिवसातलं पहिलं खरं हसू तेव्हा आलं, चौघांनाही.

आता खरा पेच. नाव द्यायला मला ते फूल हवं होतं. चिमटा, कात्री, फूल बुडवून ठेवायला स्पिरिटची बाटली, सगळं पिशवीत होतं. फूल उभं चिरून आतले भाग मोजले की झालं. शोधनिबंध महिन्याभरात छापायला गेला असता. पण आत माशी होती. ती परागकण घेऊन आली असेल तर त्या फुलाला शेंग धरणार होती, आणि आजूबाजूचं सगळं पिवळं पडलेलं बघता यंदा या कड्यावर बी मिळालंच तर या एकाच झाडाचं. कळीचा भरवसा नव्हता. फूल कापलं तर नाव माझं. सोडलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं, आणि तोवर बकरी, माकडं, कडा कोसळणं, आणि ते गोड हसणारे गृहस्थ.

मी कात्री काढली. मी ती उघडली, देठाजवळ नेली. काशिनाथनं हळूच विचारलं, "एकच शे ना?"

"हो."

"कापशात तर मंग बी कोठून?"

मी कात्री मिटली. मला फार वाईट वाटलं. चांगलं काम केल्याचं समाधान वगैरे काही नाही. बाहेरून जेवढं मोजता आलं तेवढं मोजलं, फोटो काढले, आणि हिराबाईला म्हणाले, "शेंग धरली तर दिवाळीनंतर पिकेल. कुणी तोडायला नको."

"मी बघीन ना," ती म्हणाली. एवढंच. आणि उरलेल्या दगडांचा गुडघाभर कठडा त्या झाडाभोवती रचायला लागली, बकरी येऊ नये म्हणून. हवेला वाट ठेवून रचत होती, हे मी नीट तपासून घेतलं.

नाशिक

परत आल्यावर कळलं की नामपूरच्या शेवभाजीचा फोटो श्रीकांतांनी कारखान्यातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहून: "बागलाणात, बायकोच्या नव्या झाडाच्या शोधात." त्या ग्रुपमधल्या कुणाची सून कुठल्या विद्यापीठात आहे कोण जाणे. आठवड्याभरात त्या गृहस्थांचा मला संदेश आला, "बागलाणात जाऊन आलात म्हणे! फूल पाहिलंत का?" पुढे हसरा चेहरा. मी दोन दिवस श्रीकांतांशी बोलले नाही.

दिवाळी झाली. मी हिराबाईला फोन केला नव्हता. केला असता तर काय विचारणार होते? तू खरंच बघतेस ना? माझ्या मनात रोज एक नवा किडा वळवळत होता. कुणी चार गोड शब्द बोललं तर ती दाखवणार नाही कशावरून? मी तिला खोटं सांगितलं होतं. तिनं माझ्यासाठी का राखावं?

मग एका दुपारी तिचाच फोन आला. आवाज वाऱ्यात कापत होता.

"मॅडम, एक सर येऊन गेले आपल्या गावात. फोनवर असंच फूल दाखवी राहिले होते."

"मग?"

"मंग काय? जेऊ घातलं. मंग म्हटलं, आमाले नही ठाऊक."

"आणि शेंग?"

"तेच सांगाले फोन केला ना. शेंग फुटनी. मी तठेच बसेल होती, गवत कापी राहिली होती. पांढऱ्या म्हाताऱ्या निघन्यात, कापसावानी. काही पट्टीतच पडन्यात. त्यांच्यावर मी माती लोटी दिधी. बाकीच्या उडी गयात."

"कुठल्या बाजूला?"

"समोरच्या डोंगराकडे. वारा तिकडेच होता."

मी फोन ठेवला तेव्हा श्रीकांत दारात उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. घाबरतच म्हणाले, "फोटो पाठवायला सांग की तिला. म्हणजे तुझी खात्री होईल."

"नको," मी म्हणाले. "ती म्हणाली ना."